आधी बेल्ट, मग एअरबॅग: पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

नवी गाडी शोरूममधून बाहेर काढताना हार घातला जातो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं जातात, पेढे वाटले जातात. मग विक्रेता अर्धा तास खपून मोबाइल स्क्रीनला कसा जोडायचा ते शिकवतो. मागच्या सीटचा बेल्ट कुठे आहे, हे मात्र कुणी दाखवत नाही. मी साताऱ्यात गाडी शिकवते. गेल्या महिन्यात एका शिकाऊ बाईंच्या स्वतःच्या गाडीत मागचं बकल शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. सीटकव्हर चढवताना दुकानदाराने ते आतच दाबून टाकलं होतं. बोटं घालून उपसलं तेव्हा त्याच्याबरोबर पेढ्याचा कागद, एक रुपयाचं नाणं आणि केसाची क्लिप बाहेर आली. गाडी आठ महिन्यांची होती.

बाई म्हणाल्या, "पण मॅडम, सहा एअरबॅगा आहेत की गाडीला!"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणाशी बहुतेक गाड्यांत 'एसआरएस' अशी अक्षरं असतात. त्यातला पहिला 'एस' म्हणजे सप्लिमेंटल, पूरक. कुणाला पूरक? बेल्टला. एअरबॅग बनवणाऱ्यांनी बेल्ट लावलेला माणूस समोर धरूनच ती बनवली आहे. मोकळ्या बसलेल्या माणसाला तीच एअरबॅग इजा करू शकते.

थोडं गणित

ताशी ५० किलोमीटर हा आपल्याला वेगच वाटत नाही. तो सेकंदाला जवळजवळ १४ मीटर होतो. याच वेगाने जमिनीवर आदळायचं तर साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडावं लागेल. गाडी उभ्या ट्रकला धडकली की गाडी थांबते. आत बसलेला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला कशाने तरी थांबवावंच लागतं, आणि थांबायला त्याला किती अंतर मिळतं यावर पुढचं सगळं ठरतं.

गाडीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेलं असतं. "आजकालच्या गाड्या पत्र्याच्या डब्यासारख्या चेपतात" असं म्हणणाऱ्या काकांना हे पटत नाही, पण ते चेपणं म्हणजेच आपल्याला मिळालेलं अंतर आहे. बेल्टने माणूस गाडीला बांधलेला असेल, तर नाक चेपत असतानाच तोही गाडीबरोबर थांबत जातो. त्याला अर्धा मीटर मिळाला असं धरा. हिशेब केला तर त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. बेल्ट नसेल तर गाडी चेपून थांबलेली असते आणि माणूस नंतर येऊन डॅशबोर्डवर आदळतो. त्याला थांबायला मिळतात जेमतेम पाच सेंटिमीटर. अंतर दहा पटींनी कमी, म्हणून जोर दहा पटींनी जास्त. ६० किलोच्या माणसासाठी पहिला आकडा १२०० किलोंचा, दुसरा १२ टनांचा.

"मी हाताने घट्ट धरून ठेवीन" हे १२०० किलोंच्या बाबतीतही जमणारं नाही.

पहिली पायरी: आधी नीट बसा

शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा आरसा हलवतो. आरसा शेवटी. आधी सीट.

कंबर पाठीमागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवा. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे-मागे करा. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. आता स्टिअरिंगचा मधला भाग आणि छातीचं हाड यांत किती जागा आहे ते मोजा. किमान २५ सेंटिमीटर हवी. टेप कुठे शोधत बसता, एक वीत आणि वर दोन-तीन बोटं धरा.

ही जागा एअरबॅगसाठी आहे. फुगताना पहिल्या काही इंचांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि तेवढ्या टप्प्यात आपली छाती असता कामा नये. उंचीने लहान बायका स्टिअरिंगला अगदी चिकटून बसतात, कारण बॉनेट दिसत नाही. त्यांना मी सांगते की सीट पुढे ओढण्याआधी वर उचला, पाठ किंचित मागे कलवा, आणि स्टिअरिंग खालीवर होत असेल तर त्याचं तोंड चेहऱ्याकडे न ठेवता छातीकडे वळवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. स्टिअरिंगच्या मधून हात आडवा टाकून हॉर्नवर ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. एअरबॅग नेमकी तिथूनच उघडते आणि तोच हात तोंडावर येऊन आदळतो.

हेडरेस्ट डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीत आणा. ती मानेसाठी उशी नाही. मागून कुणी ठोकलं तर डोकं मागे फेकलं जाऊ नये म्हणून आहे.

दुसरी पायरी: बेल्ट हाडांवर

आज सगळीकडे दिसणारा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट १९५९ साली व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. व्होल्वोने या बेल्टचं पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिलं. त्यामागचा विचार सोपा आहे: जोर शरीराच्या मजबूत हाडांवर पडावा, मऊ पोटावर पडू नये. आपल्या अंगातली मजबूत हाडं म्हणजे कंबरेची दोन हाडं, छातीचं हाड आणि गळ्याखालचं आडवं हाड.

म्हणून कंबरेचा पट्टा पोटावरून घ्यायचा नाही, पोटाच्या खालून घ्यायचा. ज्यांना ढेरी आहे त्यांनी ती एका हाताने वर करून पट्टा खाली सरकवावा, यात लाजण्यासारखं काही नाही. मांड्या जिथे सुरू होतात तिथे, दोन्ही बाजूंच्या हाडांवर तो बसला पाहिजे. खांद्याचा पट्टा गळ्याखालच्या हाडाच्या मध्यावरून जावा. तो मानेला घासत असेल तर बाजूच्या खांबावर त्याची उंची खालीवर करणारं बटण आहे का बघा, पुष्कळ गाड्यांत असतं. घासतो म्हणून काही जण पट्टा काखेखालून घेतात. ते करू नका. तिथे जोर झेलायला फक्त खालच्या बरगड्या उरतात आणि त्यांच्या आत यकृत आणि प्लीहा असतात.

बकल खट्ट वाजलं की काम संपलं असं नाही. खांद्याचा पट्टा वरच्या दिशेने ओढून कंबरेतली ढील काढा. थंडीत महाबळेश्वरला जाताना जाड जॅकेट घालून वरून बेल्ट लावला तर सगळी ढील जॅकेटात लपते. जॅकेटची चेन उघडून पट्टा आतून घ्या. पट्ट्याला पीळ नको. पीळ पडलेला पट्टा दोरीसारखा रुततो.

गरोदर बायकांना घरचे लोक प्रेमाने सांगतात, "बेल्ट नको गं लावूस, पोटाला दाब येईल." आईला जपलं तरच बाळ जपलं जातं. कंबरेचा पट्टा पोटाच्या पूर्ण खालून, खांद्याचा दोन स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. डोहाळजेवणाला जातानासुद्धा, साडी चुरगळली तरी.

लांबच्या प्रवासात शेजारी बसलेला माणूस सीट आडवी करून झोपतो. मग बेल्ट त्याच्या छातीपासून हातभर लांब हवेत लटकत राहतो. धडक झाली तर तो बेल्टखालून पुढे सरकतो आणि कंबरेचा पट्टा पोटात घुसतो. झोप आली असेल तर झोपू दे बापडा, पण पाठ सरळ ठेवून.

बेल्टच्या रिळात काय आहे

गाडी उभी असताना बेल्ट हळू ओढा, येतो. हिसका देऊन ओढा, अडकतो. हा प्रयोग मी प्रत्येक शिकाऊ माणसाला करायला लावते. रिळात दोन कुलपं असतात. एक बेल्ट झटक्यात बाहेर आला की लागतं. दुसऱ्यात एक छोटा गोळा किंवा लंबक असतो, तो गाडी एकदम मंदावली किंवा फार कलली की हलून रीळ अडवतो. इमारतीच्या तळघरातल्या खड्या रॅम्पवर बेल्ट बाहेर येईना म्हणून एक जण गाडी थेट गॅरेजला घेऊन गेले होते. बेल्ट चोख होता, रॅम्प खडा होता.

हल्लीच्या गाड्यांत पुढच्या बेल्टांना आणखी दोन सोयी मिळतात. पहिली म्हणजे प्रीटेन्शनर: धडकेचा इशारा मिळताच एक इवलासा स्फोट होऊन बेल्ट काही सेंटिमीटर मागे खेचला जातो आणि माणूस सीटला चिकटतो. दुसरी त्याच्या उलट: जोर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की रीळ थोडा बेल्ट सोडून देतं, म्हणजे बरगड्या वाचतात. आधी आवळायचं, मग जरा सैल करायचं. छातीवर तिरका काळानिळा वळ उठतो तो याच खेचाखेचीचा. तो वळ काही दिवसांनी जातो. तरी असा वळ घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच, आतली इजा बाहेरून दिसत नाही.

तिसरी पायरी: एअरबॅगला वाट मोकळी ठेवा

धडक झाली की पुढचे सेन्सर आणि गाडीच्या मधोमध बसवलेला कंट्रोल युनिट मिळून ही ठोकर खरी आहे की खड्डा, ते ठरवतात. मग पिशवी फुगवणाऱ्या डबीतलं, म्हणजे इन्फ्लेटरमधलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि घडी घातलेली पिशवी झाकण फाडून बाहेर येते. फुगायला तिला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग लागतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पिशवी ताशी २०० किलोमीटरच्याही वर बाहेर येते, म्हणून तिला उशी समजू नका. तिच्या पाठीला भोकं असतात. आपलं डोकं तिच्यात शिरतं तेव्हा वायू त्या भोकांतून बाहेर जातो आणि डोकं हळूहळू थांबतं. म्हणजे पिशवी पूर्ण फुगून मऊ व्हायला लागली की मगच आपण तिथे पोचलं पाहिजे. ही वेळ बेल्ट साधून देतो. बेल्ट नसलेला माणूस नुसत्या ब्रेकनेच पुढे सरकलेला असतो, त्याला पिशवी मध्येच, फुगत असताना गाठते.

"बेल्ट लावला नाही तर एअरबॅग उघडतच नाही" असं सर्रास सांगितलं जातं. काही गाड्यांत बेल्ट लावला आहे की नाही ते पाहून उघडण्याचा हिशेब बदलतो, सगळ्यांत नाही. उघडली तरी आणि नाही उघडली तरी, बेल्टवाचून तुमचं नुकसानच.

आता तुमच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसा आणि समोरच्या डॅशबोर्डवर हात फिरवा. एक बारीक चिरेसारखी रेघ लागेल किंवा अक्षरं दिसतील. ते एअरबॅगचं झाकण. आपल्याकडे गणपती बाप्पा नेमके तिथेच चिकटवलेले असतात, कारण जागा सपाट आणि ऐसपैस. झाकण उडालं की मूर्ती समोरच्या माणसाच्या तोंडावर येते. बाप्पांना मधोमध, झाकणापासून दूर बसवा. मूर्ती छोटी असावी. अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड, टिश्यूचा डबा, सगळ्यांना हाच नियम. स्टिअरिंगच्या बोधचिन्हावर चमचमणारे खडे चिकटवण्याची एक फॅशन आली आहे, ते खडेसुद्धा काढून टाका. आणि डॅशबोर्डवर पाय टाकून बसणाऱ्याला गाडी थांबवून उतरवा. मी उतरवलं आहे, आमच्याच भाच्याला, खंबाटकीच्या पायथ्याशी.

बाजूच्या एअरबॅगा सीटच्या कडेत असतात. दार आणि शरीर यांत जागा हातभरसुद्धा नसते, म्हणून त्यांना पुढच्यांपेक्षाही लवकर उघडावं लागतं. सीटची शिवण तिथे मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. वरून जाड रेक्झिनचं कव्हर घट्ट शिवून घेतलं की ती वाट बंद. कव्हर हवंच असेल तर कडेला उघडं किंवा एअरबॅगसाठीच्या खास शिवणीचं घ्या. छताच्या कडेला पडद्यासारख्या असतात त्या एअरबॅगा गाडी उलटली तरी उपयोगी पडाव्यात म्हणून जास्त वेळ फुगलेल्या राहतात. तिथल्या हँडलला हँगर लावून इस्त्रीचे शर्ट टांगू नका.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दल एकच सांगते. तो बेकायदा आहे, आणि नाक कसं चेपायचं व सेन्सरला ठोकर कशी कळायची, या दोन्ही गोष्टींत तो लुडबुड करतो.

एअरबॅग उघडली नाही म्हणजे ती खराब होती, असं लगेच समजू नये. मागून ठोकलं, हळू धडकलं, तर पुढच्या एअरबॅगा उघडत नाहीत आणि उघडायची गरजही नसते. रात्री हायवेवर दिवे न लावता उभ्या असलेल्या ट्रकखाली गाडी घुसते तेव्हा मात्र वेगळंच होतं. गाडीचा मजबूत भाग ट्रकच्या खालून निघून जातो, ठोकर काचेच्या पातळीला बसते आणि सेन्सरला ती उशिरा कळते. इथे कोणतीही एअरबॅग पुरी पडत नाही. वेग कमी ठेवणं एवढंच हातात असतं.

चौथी पायरी: मागची सीट

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, एअरबॅगांनी भरलेली. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. नियम नवा नव्हता, मागच्यांनी बेल्ट लावावा हे आधीपासून पुस्तकात होतंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब मध्ये दंड १००० रुपये लिहिला आहे.

मागचा मोकळा माणूस फक्त स्वतःला धोक्यात घालत नाही. तो पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळतो, आणि बेल्ट लावून शहाण्यासारखं बसलेल्या पुढच्या माणसाला चेपतो. आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "मागे कशाला गं बेल्ट? आपण काय विमानात बसलोय?" मी त्यांना गणित सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आई, तुम्ही पुढे आलात तर तुमच्या मुलावरच येणार." तेव्हापासून त्या स्वतः बकल शोधतात.

मागच्या काचेपाशी ठेवलेला पूजेचा नारळही तिथून डिकीत हलवा. त्याला कुणी बेल्ट लावत नाही, आणि तो ताशी ५० च्या वेगानेच पुढे येतो.

पाचवी पायरी: मुलं

मुलाला मांडीवर घेणं ही आपल्याकडची सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत वाईट सवय. १० किलोचं बाळ वीसपट जोरात २०० किलोंचं होतं. आईचे हात ते धरून ठेवू शकत नाहीत. आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर ती बाळावर येऊन त्याला चिरडते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर आईचा भार पट्ट्यातून बाळावर जातो.

लहान मूल मागच्या सीटवर, त्याच्या वजन-उंचीच्या चाइल्ड सीटमध्ये. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात, म्हणजे धडकेचा जोर नाजूक मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. अशी मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीही, कधीही ठेवायची नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर दगावला. गाडीतल्या इतरांना किरकोळ इजा झाली.

मोठ्यांचा बेल्ट मुलाला कधी चालेल? मूल पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकले पाहिजेत, कंबरेचा पट्टा मांड्यांवर यावा, खांद्याचा मानेवर न येता खांद्याच्या मध्यावर. साधारण दीड मीटर उंची झाली की हे जमतं. तोवर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक.

सहावी पायरी: दिवा

चावी फिरवली की पॅनेलवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा असं चित्र पेटतं आणि काही सेकंदांनी विझतं. विझलं म्हणजे यंत्रणेने स्वतःला तपासून ठीक म्हटलं. पेटलेलंच राहिलं तर काहीतरी बिघडलंय आणि गरजेच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. पुष्कळदा कारण क्षुल्लक असतं: सीटखालच्या पिवळ्या वायरीचा जोड सीटकव्हरवाल्याने किंवा सफाई करणाऱ्याने ढिला केलेला. पण तो स्वतः उपटून पुन्हा लावायच्या फंदात पडू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. पिवळ्या वायरी या स्फोटकाच्या वायरी आहेत, असं समजून वागा.

बेल्टची घंटा बंद करायला बकलात खोचायची खोटी क्लिप मिळते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाची पडलेली असेल तर कचऱ्यात टाका.

एअरबॅग उघडली तर

बंदुकीसारखा आवाज येईल, कान वाजतील, गाडीत पांढरा धूर पसरल्यासारखा वाटेल. त्यात बरीचशी पिशवीवरची पावडर असते, गाडी पेटलेली नसते. तरी जमेल तसं इंजिन बंद करून बाहेर या, दम्याच्या माणसाला आधी काढा. पिशवीच्या मुळाशी असलेले धातूचे भाग तापलेले असतात, हात लावू नका. हातावर, चेहऱ्यावर खरचटणं, भाजल्यासारखं लाल होणं नेहमीचं आहे.

उघडलेली एअरबॅग घडी घालून परत बसवता येत नाही. ओढला गेलेला प्रीटेन्शनरही पुन्हा चालत नाही, आणि कंट्रोल युनिटबद्दल कंपनी सांगेल तसं करावं लागतं. खर्च मोठा असतो, म्हणून काही जण नुसतं झाकण बदलून गाडी विकून टाकतात. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तो दिवा दोन वेळा तपासा. पेटून न विझणारा दिवा वाईट, पण चावी फिरवल्यावर मुळात पेटतच नसेल तर जास्त वाईट, कुणीतरी तो मुद्दाम मारलेला असू शकतो. चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलही बघा, म्हणजे कंपनीने दोषापायी ती गाडी परत बोलावली आहे का ते. टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेने बिघडून एअरबॅगबरोबर धातूचे तुकडे उडत, आणि त्यापायी जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोकणात दहा-पंधरा वर्षं काढलेली गाडी असेल तर ही पाच मिनिटं घालवाच. मग प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. पट्ट्याच्या कडा विस्कटलेल्या, कुठे घासून चकाकी आलेली, किंवा पट्टा बाहेरच येत नाही असं दिसलं, तर विक्रेत्याला म्हणा, "आधी हे बदलून द्या, मग भाव बोलू."